उसन्याची लायब्ररी आणि मेन स्विच

पुण्यातल्या माझ्या वरिष्ठांना पिवळा तांदूळ म्हणजे खराब तांदूळ वाटायचा. मी गोंदिया जिल्ह्यातल्या सौंदडची. उसना, म्हणजे धान वाफवून काढलेला तांदूळ, पिवळसरच असतो हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. आमची कंपनी राइस मिलसाठी तांदूळ निवडणारं मशीन बनवायची. कॅमेरा दाणा बघतो आणि खराब असला तर हवेच्या फटक्याने तो बाजूला उडतो. चांगला उसना ओळखून त्याला जाऊ देणारी लायब्ररी, म्हणजे मुख्य प्रोग्रॅमला जोडलेला वेगळा भाग, मी लिहिली होती. ही दोन हजार दहाच्या आसपासची गोष्ट.

मशीनची मेमरी तोकडी. फालतू कोड काढायचा म्हणून वरिष्ठांनी गोंदियाच्या एका मिलमधल्या मशीनवर कव्हरेज लावलं. म्हणजे कोडची कुठली ओळ खरोखर चालते, त्याची मोजणी. मुख्य प्रोग्रॅमची मोजणी व्यवस्थित आली. माझ्या लायब्ररीची शून्य.

"एकही ओळ चालत नाही. काढून टाक," ते म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. ती काढली तर त्या मिलचा सगळा उसना कचऱ्यात जाणार होता.

"नाही काढणार. मी मिलमध्ये जाऊन बघते."

"गावाला जायचंय, तर सरळ सांग ना."

"तसं समजा," म्हटलं, आणि गाडीत बसले.

मिलमध्ये उसनाच चालू होता आणि मशीन त्याला निमूट जाऊ देत होतं. म्हणजे माझी लायब्ररी चालत होती, रिपोर्टच खोटा होता. पण का? कामाची पाळी संपली तसं मशीनवरच्या ऑपरेटरभाऊंनी भिंतीवरचा मेन स्विच खाडकन खाली ओढला. पट्टे, पंखे, मशीन, सगळं एकदम गप्प.

"भाऊ, मशीन मेनूतून बंद नाही करत तुम्ही?"

"कायले जी? मेन पाडला का सब बंद."

तिथेच घोळ सापडला. लायब्ररी आपली मोजणी आपल्यापाशीच ठेवते आणि प्रोग्रॅम रीतसर बंद होताना मशीनमधल्या मेमरी कार्डावर लिहिते. इथे तो रीतसर बंद होतच नव्हता. मुख्य प्रोग्रॅम अधूनमधून मोजणी लिहून ठेवायचा, पण फक्त स्वतःची. पुण्यात आम्ही मशीन मेनूतून बंद करायचो, म्हणून तिथे हे कधी कळलंच नाही.

अधूनमधून लिहायची सोय मी लायब्ररीतच घातली. दुसऱ्या दिवशी भाऊंनी नेहमीसारखा मेन पाडला. मी कार्ड काढून लॅपटॉपला लावलं. उसन्याच्या ओळींची मोजणी हजर होती. मला इतका आनंद झाला की तिथूनच फोन लावला.

वरिष्ठ म्हणाले, "ठीक आहे, राहू दे ती. पण त्या लोकांना मशीन नीट बंद करायला शिकवून ये."

"नाही शिकवणार, सर," मी म्हटलं. "मेन इथे असाच पडणार. शिकायचं ते आपल्या मशीनने."