सुकऱ्याची पाठ

सुकऱ्यानं अठरा वर्षं जव्हारच्या राजवाड्यात पंगत वाढली, आणि अठरा वर्षांत कुणाच्या अंगावर वरणाचा एक थेंब सांडला नाही. ही गोष्ट तो स्वतःच सांगायचा, कुणी विचारायची वाट न बघता. वाढून झालं की भांडं सांभाळत उलट्या पावली मुदपाकखान्यापर्यंत जायचं, मोठ्या माणसांना पाठ दाखवायची नाही, हा दरबारचा शिरस्ता. सुकऱ्या मागं न बघता उंबरा ओलांडायचा.

मग संस्थान विलीन झालं. म्हणजे नेमकं काय झालं ते त्याला कुणी सांगितलं नाही. एका सकाळी कारकुनानं त्याच्या छातीवरचा दरबारचा पितळी बिल्ला काढून घेतला, "जा, आता तू मोकळा," म्हणाला. सुकऱ्या सवयीनं उलट्या पावली निघाला आणि दाराच्या चौकटीवर डोकं आपटून घेतलं. कारकून खो खो हसला. ते हसणं सुकऱ्याच्या जिव्हारी लागलं.

पुढं चार वर्षं तो साखरशेतला, आपल्या पाड्यावर, घरची नागली बघत राहिला. तिथंही मधूनच उलटा चालायचा. त्याची बायको बुधी तोंडानं फटकळ. "ज्याच्यापुढं उलटा चालायचास, तो दरबार गेला," ती म्हणायची. "आता तरी सरळ चाल रे बाबा, बैल बिचकतात!"

अशात बावन्न साली डिसिल्वा नावाचा गोवेकर जव्हारात उगवला. हा आगबोटीवरचा खानसामा. अमेरिकेतल्या कुठल्याशा बंदरात दोन वर्षं राहिला आणि तिथलं क्रिओल जेवण डोक्यात घेऊन परतला. असलं खूळ घेऊन शहाणा माणूस मुंबईत हॉटेल काढील की नाही? यानं जव्हार गाठलं! हवा थंड आहे म्हणे, आणि शिरपामाळ बघायला येणारे मुंबईकर जेवतील कुठं? सरकारच्या ताब्यातला एक रिकामा बंगला त्यानं मागून घेतला, टेबलांवर पांढऱ्या चादरी घातल्या आणि पाटी लावली: दर रविवारी साडेदहाला भोजन, सोबत जॅझ. न्याहारी म्हणावी तर उशीर झालेला, जेवण म्हणावं तर घाई. पण साहेबी थाट तो असाच, त्याला कोण काय बोलणार?

वाढायला त्यानं सुकऱ्याला बोलावलं आणि भांडी-चुलीला बुधीला. सुकऱ्याला पितळी बटणांचा पांढरा कोट दिला. सुकऱ्यानं बटणांवरून हात फिरवला आणि त्याच्या डोळ्यांत पाणीच आलं. "एवढ्यात रडू नको," डिसिल्वा म्हणाला. "पहिल्या रविवारी प्रांतसाहेब येतायत. ते खूश झाले तरच बंगला आपल्याकडं राहील. सगळं नीट झालं तर कोट तुझा. नाहीतर कोट खुंटीला आणि तू घरी."

रविवार उजाडला. बुधीनं चुलीवरच्या पातेल्यात डोकावून पाहिलं. डिसिल्वानं पीठ तेलात काळपट होईस्तो भाजलं, त्यात भेंडी टाकली, कोळंबी टाकली, आणि त्याला गम्बो म्हणाला. "अगं बाई, ही तर आपली भेंडी-सुकट," बुधी म्हणाली. "फक्त पीठ जाळलंय मेल्यानं."

साडेदहाला दिवाणखाना भरला. एका टोकाला मुदपाकखान्याचं दार, दुसऱ्या टोकाला बाजेवाले, आणि मधोमध प्रांतसाहेबांचं टेबल. साहेब खादीतले, ताठ, बाजाकडं पाठ आणि दाराकडं तोंड करून बसलेले, म्हणजे जेवण येताना दिसावं. सुकऱ्यानं झुकून पाणी ठेवलं. तेवढ्यात मेंडोसा नावाच्या बाजेवाल्यानं आपला सॅक्सोफोन तोंडाला लावला.

सुकऱ्या जागच्या जागी थिजला. राजवाड्यात बॅण्ड वाजायचा तो बाहेर, भिंतीपलीकडं. हे वाद्य समोर होतं. तोंडात नळी, खाली वाकडं पोट, पुढं फुललेलं तोंड. भोपळ्याचं नसून पितळेचं असलं म्हणून काय झालं? तारपाच तो! आणि तारपा वाजत असताना त्याला पाठ दाखवायची नाही, हे सुकऱ्याच्या पाड्यात रांगणाऱ्या पोरालाही कळतं. नाचणारे गोल फिरतात, पण तोंड तारप्याकडं. बाप तसं फिरला, आजा तसं फिरला.

मुदपाकखाना तर बरोब्बर उलट दिशेला. सुकऱ्या उलट्या पावली निघाला. त्याच्या मागून लक्ष्या, त्याच्याच पाड्यातला दुसरा वाढपी, तोही उलटा. दोघं दारात एकमेकांवर आदळले, पण तोंडं बाजाकडंच.

प्रांतसाहेबांनी हे पाहिलं आणि ते लालबुंद झाले. त्यांना वाटलं, हे सगळं आपल्यासाठीच.

"थांब!" ते उभे राहिले. "राजे गेले, संस्थानं गेली, आणि तू अजून उलटा चालतोस? माझ्यासमोर? स्वतंत्र देशाचा माणूस आहेस तू! मला पाठ दाखवून जा. जा, हुकूम आहे!"

मुंबईच्या पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. डिसिल्वा घाम पुसत सुकऱ्याच्या कानाशी आला. "दाखव ना रे पाठ! एक पाठ दाखवायला काय जातं तुझं?"

काय जातं! सुकऱ्याचा जीव कासावीस झाला. साहेबाला पाठ दाखवायला त्याची ना नव्हती, पण साहेबाच्या बरोब्बर मागं मेंडोसा डोळे मिटून वाजवत होता. त्याचं गाणं संपेल म्हणावं तर ते जॅझ, त्याला शेवटच नाही. एकीकडं कोट, दुसरीकडं बाप आणि आजा. त्यानं मनाशी ठरवलं, कोट गेला तर गेला. कोटाच्या वरच्या बटणाला हातही घातला.

आणि एकदम त्याला सुचलं. नाचाला पुढं काठी घेऊन जो चालतो, त्याच्यामागं तारपेवालाही येतो! सुकऱ्यानं टेबलावरचा डाव उचलला, मेंडोसासमोर गेला आणि घुंगरांच्या काठीसारखा डाव जमिनीवर ठोकत उलटा उलटा सरकू लागला. मेंडोसाला वाटलं, वा, दर्दी भेटला. तो वाजवत वाजवत त्याच्यामागं आला, साहेबांच्या टेबलाला वळसा घालून थेट मुदपाकखान्याच्या दाराशी उभा राहिला.

मग सुकऱ्या साहेबांपाशी परत आला, अर्थात उलटाच. आता बाजा आणि मुदपाकखाना एकाच बाजूला. त्यानं साहेबांना सपशेल पाठ केली आणि छाती काढून सरळ चालत गेला.

"शाबास!" साहेब ओरडले.

पण गम्बो आणायचा होता ना! वाफाळतं भांडं घेऊन सुकऱ्या बाहेर आला तो उलटा, पाठ साहेबांकडं. तसाच टेबलापर्यंत आला, हात मागं नेला आणि न बघता साहेबांच्या ताटात वाढलं. सगळ्यांनी श्वास रोखला. एक थेंब सांडला नाही. साहेबांना गहिवरून आलं. "माझ्याकडं बघतसुद्धा नाही," ते शेजारच्याला म्हणाले, "याला म्हणतात स्वातंत्र्य!" त्यांनी गम्बो तीनदा मागून घेतला.

निघताना पायरीवर साहेबांनी सुकऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला. मेंडोसा पाहुण्यांना निरोप द्यायला बाहेर येऊन वाद्य पुसत होता.

"आता सांग," साहेब म्हणाले, "पुन्हा कुणापुढं उलटा चालशील?"

डिसिल्वा मागून खुणा करत होता, नाही म्हण, नाही म्हण. सुकऱ्यानं कोटाकडं एकदा बघितलं. पण त्याला खोटं बोलवेना.

"चालेन की, साहेब. आजही चाललो. तुमच्यापुढं नाय, या वाजवणाऱ्यापुढं," तो म्हणाला. "दरबारात हुकूम होता म्हणून चालायचो. याला पाठ दाखवायला मन होत नाय."

साहेबांचा चेहरा पडला. डिसिल्वानं कोट परत घ्यायला हात पुढं केला. तेवढ्यात मेंडोसानं आपलं सहज वाद्यात फुंकर मारली, सूर लावून बघितला आणि वाजवू लागला.

साहेब एक पायरी उतरले. थांबले. मेंडोसाकडं बघितलं, सुकऱ्याकडं बघितलं. मग सावकाश वळले आणि बाजाकडं तोंड करून, उलट्या पावली, एक एक पायरी चाचपत जीपपर्यंत गेले. डिसिल्वानं पुढं केलेला हात मागं घेतला. जीपच्या दारावर साहेबांचं डोकं आपटलं. सुकऱ्या हसला नाही. पुढं झाला आणि त्यांना दार उघडून दिलं.