देव पाण्यात घातले त्या दिवशी

देव पाण्यात घालण्याचा प्रकार मला कधीच पटला नव्हता. संकट यायचं आपल्यावर आणि बुडवायचं त्याला. माझ्या सासूबाई कुठलीही अडचण आली की पितळेच्या बाळकृष्णाला पाण्यात बसवायच्या आणि काम झालं की बाहेर काढायच्या. मी तेव्हा नवी सून, त्यात शाळेत विज्ञान शिकवणारी. एकदा विचारलंच, "यात त्याचा काय गुन्हा?" सासूबाई म्हणाल्या, "असले प्रश्न वर्गात विचारा." पुढे सारी नोकरी वर्गात प्रश्न विचारण्यातच गेली, पण घरातली खोड काही सुटली नाही. मी रोज दिवा लावते, हात जोडते, आणि तो ऐकतो का, ऐकत असेल तर कसं, हे कुतूहल हात जोडलेले असतानाही मनात चालूच असतं. असल्या भक्तीला भक्ती म्हणायचं का, हेही मला नक्की ठाऊक नव्हतं.

माझी एकुलती एक लेक केतकी आणि जावई निखिल अमेरिकेत, फ्लोरिडात समुद्राकाठच्या गावात राहतात. केतकीला सातवा महिना होता तेव्हा तिकडे मोठं चक्रीवादळ यायचं झालं आणि गाव रिकामं करायचा हुकूम निघाला. निखिल हॉस्पिटलात कॉम्प्युटरचं काम बघतो. वादळात थांबणाऱ्यांच्या यादीत त्याचं नाव होतं. म्हणजे केतकीनं एकटीनं गाडी घेऊन उत्तरेला मैत्रिणीकडे जायचं. अशा वेळी जवळच्या जवळ फोन लागत नाहीत, लांबचे लागतात, असं तिकडे सांगतात म्हणे. म्हणून असं ठरलं की दोघांनी एकमेकांना शोधत बसायचं नाही. दोघांनीही पुण्याला मला कळवायचं आणि मी एकाचा निरोप दुसऱ्याला द्यायचा. "आई, तू आमचं पोस्ट ऑफिस," केतकी म्हणाली. मला त्याचा थोडा अभिमानच वाटला. अंघोळीला जातानाही मोबाइल दाराबाहेर स्टुलावर ठेवून गेले.

ती निघाली तेव्हा तिकडे रात्र होती, आमच्याकडे कात्रजला सकाळचे साडेसहा. साडेआठला तिचा मेसेज आला, "गाड्या मुंगीच्या पावलांनी चालल्यात. पंपांवर पेट्रोल नाही." त्यानंतर काही नाही. मी लावला तर फोन बंद. तासातासाला निखिल विचारायचा, "आई, काही कळलं?" आणि मी लिहायची, "अजून नाही." एकदा मनात आलं, 'पोचली' असं लिहून टाकावं, त्याचा तरी जीव शांत होईल. लिहिलंही, आणि पुसलं. टीव्हीवर वादळाचा तो पांढरा भोवरा फिरत होता. वादळाचा डोळा शांत असतो, असं मी मुलांना फळ्यावर आकृती काढून शिकवलेलं. त्या दिवशी ते चित्र मला बघवेना.

अकराच्या सुमाराला शेजारच्या सुमनवहिनी पिठलं-भाकरी घेऊन आल्या. कात्रज गाव होतं तेव्हापासूनचं त्यांचं घर; आमची सोसायटी उभी आहे ती त्यांचीच जमीन. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "बाई, देव पाण्यात घाला."

मी माझा जुना प्रश्न त्यांना विचारला.

"त्यात गुन्हा कसला? बुडणं काय असतंय ते त्याला बी कळू द्या की."

भीती मनात शिरली की शिकलेलं माणूस आणि न शिकलेलं सारखंच. मी मोठं पितळी पातेलं काढलं. देवघराच्या फळीवर ते मावेना, म्हणून हॉलमधल्या तिपाईवरचा जुना लँडलाइन फोन उचलून खाली कोपऱ्यात ठेवला. इंटरनेटबरोबर येतो म्हणून तो अजून घरात आहे. तिपाईवर पातेलं मांडलं, बाळकृष्णाला आत बसवलं आणि म्हणाले, "केतकी सुखरूप असल्याचं कळेपर्यंत तुला बाहेर काढणार नाही."

दुपारभर मी मोबाइलकडे आणि पातेल्याकडे बघत बसले. पिठलं तसंच गार झालं. साडेचारला निखिलनं पहिल्यांदाच फोन केला. "आई, मी तिला एकटीला पाठवायला नको होतं," म्हणाला. मी नुसतं "अहो, असं नका म्हणू" एवढंच म्हणू शकले. फोन ठेवला आणि मला माझेच सकाळचे शब्द ऐकू आले. 'कळेपर्यंत तुला बाहेर काढणार नाही.' म्हणजे तोवर सोडणार नाही. हे तर पोरं पळवून नेणारे लोक बोलतात. एवढ्या वर्षांत मी एकाही मुलाला वर्गाबाहेर उभं केलं नव्हतं, आणि देवाला ओलीस धरून बसले होते. मला रडू फुटलं. मी त्याला बाहेर काढलं, मऊ पंच्यानं पुसलं, देवघरात जागेवर ठेवलं. "तुझ्यावर माझी सक्ती नाही," म्हटलं. "ती तुझीच आहे. जे असेल ते सोसायचं बळ मला दे." शांत वगैरे काही वाटलं नाही. खूप दमल्यासारखं मात्र झालं.

मग सवयीनं आवराआवर केली. पातेलं खाली उतरवून फोन पुन्हा तिपाईवर ठेवताना दिसलं की त्याची वायर निघून आली होती. सकाळी उचलताना ओढली गेली असणार. ती दाबून बसवली, पातेलं उचललं आणि बाल्कनीतल्या तुळशीला पाणी घालत होते तेवढ्यात तो फोन वाजला.

पलीकडे एक अनोळखी बाई तुटक्या इंग्रजीत विचारत होती, "केतकीची मम्मी?" आणि मग केतकी. "आई, कुठे होतीस तू? रात्रभर लावतेय. नुसती रिंग वाजतेय. मला वाटलं, तुलाच काही झालं."

मी म्हटलं, "इथेच होते गं. फोनच्या शेजारीच."

तिचं पेट्रोल संपलं होतं, एका बंद पंपाशी पावसात उतरताना मोबाइल पाण्यात पडला होता. सगळे नंबर मोबाइलच्याच पोटात. तोंडपाठ एकच, लहानपणी शाळेच्या डायरीवर लिहायची तो आमचा घरचा. त्या बाईंनी तिला आपल्या गाडीत घेतलं, एका शाळेतल्या निवाऱ्यात नेलं, स्वतःचं पांघरूण दिलं. त्यांची आई मेक्सिकोत असते, म्हणून त्यांच्या फोनवरून परदेशी फोन लागायचा. त्यांनी दर अर्ध्या तासानं माझा नंबर लावला. मी लगेच निखिलला कळवलं. तो पोरासारखा रडला.

सुमनवहिनींना मी खरं ते सांगितलं, की देव पाण्यात घातले म्हणूनच फोन बंद पडला होता. त्या म्हणाल्या, "मग त्यालाच ठावं हाय, तुमाला त्याला बाहेर काढाय कुणी लावलं." मी वाद घातला नाही. कारणं शोधायची मला सवय आहे, पण एखादा प्रश्न नुसता जवळ ठेवावा असं त्या दिवसापासून वाटू लागलंय. दिवसभर मी त्याला हाका मारत होते आणि तिकडून येणारी हाक मीच माझ्या हातानं तोडून ठेवली होती, एवढं मात्र मला कळलं.

पुढे केतकीचं बाळंतपण नीट झालं. एक गोष्ट तिनं मला फार उशिरा सांगितली. त्या शाळेत वीज नव्हती. बाईंच्या मोबाइलची बॅटरी त्यांनी आपल्या आईला खुशाली कळवायला राखून ठेवली होती, आणि ती सगळी माझी रिंग वाजवण्यात गेली. आमचं बोलणं संपलं तसा फोन बंद झाला. केतकी माफी मागायला लागली तर त्या म्हणाल्या, "माझी आई थांबेल. तिला सवय आहे."

त्यांचा पत्ता, नंबर, काहीच आमच्याकडे नाही. मी रोज दिवा लावते तेव्हा स्वतःसाठी काही मागायचं सुचत नाही. मेक्सिकोत कुठेतरी एक म्हातारी त्या दिवशी फोनपाशी बसून राहिली होती, माझ्यासारखीच, आणि तिच्या वाटणीचा फोन मला आला. तिला नमस्कार करते.