उजनीच्या पाण्यावर जेवायला बोलावणं

भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. ज्युनिअर कॉलेजात आयुष्यभर फिजिक्स शिकवलं. सोसायटीत कुणी 'अनुभव' सांगायला लागलं की "पुरावा आणा, मग बोलू" म्हणून मी उठून जायचो. आता तुम्ही मला तेच म्हणालात तरी माझी तक्रार नाही.

मी कात्रजला राहतो. सुनंदा, म्हणजे माझी बायको, जाऊन दोन वर्षं झाली. मुलगी कॅनडात. तिनेच दुर्बीण आणून दिली... "बाबा, घरात बसू नका, पक्षी बघा." झालं, नाद लागला. थंडीत पहाटे स्वारगेटहून एसटी धरायची, भिगवणला उतरायचं आणि उजनीच्या बॅकवॉटरमध्ये बोटीतून हिंडायचं. बाकीचे लोक ग्रुपने येतात, दंगा करतात. मी एकटा अख्खी बोट करतो. घरी टीव्ही बोलतो तेवढाच आवाज, मग इथली शांतता काय वाईट?

बोट नामदेव चालवतात. चाळिशीचे, कामापुरतं बोलणारे. आमचं छान जमतं.

त्या दिवशी ऊन नुकतंच वर आलं होतं. डोक्यावरून पट्टकादंब हंस ओळीने गेले. एका वाळक्या खोडावर मोरघार मासा फाडत बसली होती. लांब उथळ पाण्यात रोहितांचा, म्हणजे फ्लेमिंगोंचा थवा... गुलाबी रेघ ओढल्यासारखा. जवळ गेलं की उडतात, म्हणून नामदेवांनी बरंच अलीकडे, खोल पाण्यातच मोटर बंद केली. बोट नुसती तरंगत राहिली. इतकं सुंदर दिसत होतं, की सवयीने मी शेजारी वळून "बघ" म्हणणार होतो.

तेवढ्यात वास आला. चुलीवर भाजलेल्या भाकरीचा, धुराचा.

नामदेव म्हणाले, "सर, डबा आणलाय व्हय?"

"नाही हो. काठावर कुणीतरी करत असेल."

"काठ कुठं हाय हितं?"

खरंच, चहूकडे नुसतं पाणी. आणि मग अगदी हाताच्या अंतरावरून, दारात उभं राहून बोलावं तसा एका बाईचा आवाज आला. "पाव्हणं, या की. भाकरी टाकलीया."

भीती वाटायला हवी होती ना? नाही वाटली. मी चक्क उत्तर दिलं, "नको, खाऊन निघालोय."

"असं कसं? उपाशी न्हाई जायचं आमच्या दारातनं."

त्यानंतरचं मला जेवढं आठवतं, तेवढंच सांगतो. मी बूट काढले. कुणाच्या घरात शिरताना काढतो तसे, जोडीने बाजूला ठेवले. पाऊल पुढे टाकलं. पायाखाली सारवलेली जमीन लागली... गार, टणक. आत कुठेतरी भांड्याचा आवाज झाला. मला फार बरं वाटलं. कुणीतरी वाट बघतंय अशा घरात आपण आलोय, एवढंच वाटलं.

मग मागून कॉलर धरून कुणीतरी जोरात ओढलं आणि मी बोटीत उताणा पडलो.

"काय करताय सर!" नामदेव ओरडले. "गुडघ्यापत्तुर पाय गेला हुता पाण्यात! आन् बोलत कुणाशी हुता?"

"तुम्ही नाही ऐकलंत? बाई बोलावत होती."

"फकस्त वास आला मला." त्यांनी बोटीतला लांब बांबू पाण्यात घातला. तो पार हातापर्यंत बुडाला, तरी तळ लागला नाही. मग त्यांनी माझ्या पायाकडे बोट दाखवलं. पँटची कड कोरडी. मोजा कोरडा. आणि मोज्याच्या तळव्याला शेणाच्या सारवणाचा हिरवट भुगा.

परत येताना मी विचारलं, "इथे खाली काय आहे?"

"गाव हुतं. धरणात गेलं." बोट वळवत ते म्हणाले, "कुणाचं घर कुठं, त्ये सांगणारं आता कुणी न्हाई ऱ्हायलं."

मुलीला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, पाणी कमी पीत असाल, शुगर चेक करा." केली. नॉर्मल आली. मीही माझ्या परीने सगळं करून बघितलं. वास वाऱ्याने लांबून येऊ शकतो, आवाज पाण्यावरून दूर जातो, माणूस एकटा राहिला की मेंदू खेळ करतो, हे सगळं मला ठाऊक आहे. पण मग नामदेवांनी पाण्यात बुडालेला पाहिला तो पाय कोरडा कसा?

पुढच्या आठवड्यात मी पुन्हा गेलो. नामदेव नको म्हणत होते, तरी तिथेच मोटर बंद करायला लावली. त्यांनी माझा शर्ट घट्ट धरून ठेवला होता. रोहित होते, ऊन होतं, पाणी बोटीला हलकेच लागत होतं. बाकी काही नाही. बराच वेळ थांबलो. शेवटी नामदेव म्हणाले, "चला सर, बरं झालं, काय न्हाई."

मी मान हलवली. त्यांना सांगितलं नाही, पण त्या दिवशी मी घरून मुद्दाम उपाशी निघालो होतो.