उलटी छत्री

मुलुंडला आमच्या सोसायटीच्या कुंपणालगत निलगिरीची रांग होती. अर्धांगवायूने वाचा गेलेले माझे बाबा दिवसभर खिडकीशी बसून शेवटच्या झाडाकडे बघत असत. एकोणीसशे ऐंशीनंतरच्या एका हिवाळ्यात रांगेला कीड लागली. आमचे सेक्रेटरी घाईचे. त्यांनी सगळीच झाडं तोडायला माणसं बोलावली.

रोज आमच्या फाटकावरून स्टेशनकडे जाणारे एक गृहस्थ त्या सकाळी कुऱ्हाडी बघून थबकले. ऊन असो, पाऊस असो, यांच्या काखेत काळी छत्री असायचीच. "थांबा हो जरा," म्हणत ते आत आले, छत्री उलटी उघडून पहिल्या झाडाखाली धरली आणि काठीने फांदी झोडपली. राखाडी, सोंडवाले किडे छत्रीत टपटप पडले आणि मेल्याचं सोंग घेऊन निपचित राहिले. ते त्यांनी त्याच झाडाच्या बुंध्याशी अलगद झटकले. मग बाबांच्या झाडाखाली तेच केलं. छत्री रिकामी!

"हे पान चुरगाळा. लिंबाचा वास येतो ना? ही निलगिरी वेगळ्या जातीची. किडे हिच्या वाटेला फारसे जात नाहीत."

"पण रांग तर एकच आहे," सेक्रेटरी म्हणाले.

"रांग तुम्ही लावलीत. किडासुद्धा झाड बघून खातो, आणि तुम्ही सरसकट कापायला निघालात!"

ते झाड राहिलं. त्यांचं नाव मला कधीच कळलं नाही. पण त्यानंतर रोज सकाळी ते दिसले की बाबा आपला चालता डावा हात उचलत, आणि ते गृहस्थ भर रस्त्यात क्षणभर छत्री उलटी उघडत.