आईची शुगर

वाढदिवसाला मी लेकीकडे साडी मागितली होती. पुण्याहून पार्सल आलं त्यात एक पांढरा खोका होता, खोक्यात प्लास्टिकची नळी आणि नळीवर एक रेघ. त्या रेघेपर्यंत थुंकायचं, झाकण घट्ट लावायचं आणि पाकीट परत पाठवायचं. मग काही आठवड्यांनी कंपनी सांगणार, की पुढे आपल्याला कोणकोणते आजार होण्याचा संभव आहे. मी फोन करून म्हटलं, आईला वाढदिवसाला थुंकायला लावणारी तू अख्ख्या अमरावतीत पहिलीच असशील. ती हसली आणि म्हणाली, की साड्या कपाटात नुसत्या पडून आहेत, आता जरा तब्येतीचं बघ.

थुंकणं वाटतं तेवढं सोपं नसतं. आधी अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही अशी सूचना होती, आणि सकाळच्या चहाशिवाय माझं डोकं चालत नाही तिथे तोंडाला पाणी कुठून सुटणार? नळीत नुसता फेस जमा व्हायचा, आणि फेस मोजायचा नाही असं बारीक अक्षरात लिहिलेलं. शेवटी नवरा समोर खुर्ची टाकून बसला आणि गिलावड्याचं वर्णन करू लागला. वडा दह्यात कसा मुरलेला असतो, वरून चिंचेची चटणी कशी सोडतात, तिखट कसं भुरभुरतात. हा माणूस एरवी घरात हूं आणि हां यावर दिवस काढतो, पण खाण्याचा विषय निघाला की थांबत नाही. रेघ गाठली ती त्याच्या कृपेने.

अडलं ते पुढे. मोबाइलवर माहिती भरायची होती आणि लेक फोनवरून एकेक प्रश्न समजावत होती. वय खरं सांगितलं, वजनात थोडी चोरी केली. मग प्रश्न आला, आईला पुढीलपैकी कोणता आजार आहे किंवा होता? यादी वाचून संपायच्या आत मी मधुमेहावर खूण केली. वर्षानुवर्षं हेच करत आले होते. बाळंतपणात, दाढ काढताना, डोळे तपासताना, ज्या डॉक्टरने विचारलं त्याला माझं उत्तर तयार असायचं: आईला शुगर आहे.

तसं मी लेकीला सांगितलंही. ती हळूच म्हणाली, "आई, ते जन्म दिलेल्या आईचं विचारतायत."

आमची लेक फटकळ आहे, हळू बोलायची तिला सवय नाही. ती हळू बोलली म्हणूनच मला ते लागलं. मी खूण काढली आणि यादीकडे बघत बसले. हृदय, हाडं, थायरॉइड, कर्करोग. यातलं काय माझ्या आईचं होतं, मला ठाऊक नव्हतं. 'माहीत नाही' वर बोट ठेवलं आणि त्या दिवशी मी लेकीशी पुढे धड बोलले नाही. तिची काही चूक नव्हती.

जिने मला जन्म दिला ती मी अडीच वर्षांची असताना गेली. कशाने गेली तर आजारी होती, एवढंच. मूर्तिजापूरजवळच्या आमच्या गावात तेव्हा तेवढं उत्तर पुरत असे. तिचा एकच फोटो आहे, लग्नातला. त्यात तिने मान इतकी खाली घातली आहे की मुंडावळ्या आणि नाकाचा शेंडा सोडला तर काही दिसत नाही. लहानपणी मी तो फोटो जमिनीवर ठेवून, गाल फरशीला टेकवून खालून बघायचे. खालून बघितलं तर चेहरा दिसेल असं मला वाटायचं.

वर्षाच्या आत वडिलांनी दुसरं लग्न केलं. परतवाड्याकडची मुलगी आली आणि ती माझी आई झाली. तिच्यासाठी लोक जो शब्द वापरतात तो मी कधी वापरला नाही, इथेही वापरणार नाही.

आईच्या गळ्यात मंगळसूत्राशेजारी सोन्याचा एक छोटासा टाक होता, बोटाच्या नखाएवढा, त्यावर उभी बाई कोरलेली. पहिली बायको वारलेली असली की दुसरीच्या गळ्यात तिच्या नावाचा असा टाक घालतात. त्याला सवतीचा टाक म्हणतात. गेलेलीने मागे राहिलेल्यांना त्रास देऊ नये म्हणून. मला यातलं काही माहीत नव्हतं. मी आईच्या कुशीत झोपायचे आणि सकाळी माझ्या गालावर त्या टाकाची खूण उमटलेली असायची. सगळ्याच आयांना तो असतो अशी माझी समजूत होती. शाळेतल्या मैत्रिणीच्या आईच्या गळ्यात तो नाही हे पाहून मला त्या मैत्रिणीची कीव आली होती. शेजारच्या काकूंनी पुढे कधीतरी मला खरं सांगितलं, तेव्हा मी घरी येऊन आईला काही विचारलं नाही. नंतरही नाही. आमच्याकडे ती पद्धतच पडून गेली. आईला वाईट वाटेल म्हणून कोणी पहिलीचं नाव काढायचं नाही. आत्या, काकू, गावातल्या म्हाताऱ्या, सगळ्या माझ्याकडे बघून एकच म्हणायच्या, पोरगी बापावर गेली. मी कधी आईवर गेले नाही, कारण तसं म्हणायची सोयच नव्हती. सगळे चांगुलपणानेच वागले. पण त्या चांगुलपणात माझी आई पार पुसली गेली.

आता शुगरचं सांगते. मी कॉलेजात होते आणि आम्ही अकोल्यात जठारपेठेत राहायला आलो होतो. आईला सारखी तहान लागू लागली म्हणून वडील तिला तपासायला घेऊन गेले, मीही सोबत होते. डॉक्टर म्हणाले मधुमेह आहे, आणि माझ्याकडे बोट करून म्हणाले, की आईकडून हा मुलीकडे येतो, हिलाही जपा. आम्ही तिघंही तिथेच होतो. वडिलांनी मान डोलावली, आईने मान डोलावली, मी घाबरले. त्याच संध्याकाळी आईने माझ्या चहातली साखर बंद केली. तेव्हापासून घरात दोन कप बिनसाखरेचे, तिचा आणि माझा. लग्न झाल्यावर तिने माझ्या सासूबाईंना बाजूला घेऊन बजावलं, की पोरीला माझी शुगर येणार आहे, सणावारी पुरणपोळीचा आग्रह करू नका. कोणाच्या ध्यानात आलं नाही. माझ्या नाही, वडिलांच्या नाही, आणि आईच्या तर नाहीच नाही.

खोका पाठवला आणि मी वाट बघू लागले. लोक अशा रिपोर्टची भीत भीत वाट बघत असतील. मी आशेने बघत होते. माझ्यात निम्मं जिचं आहे तिच्याबद्दल निदान ही नळी तरी काही सांगेल असं मला वाटत होतं. आजार सांगितला तरी चालेल, तो तिचा तर असेल. वेड्यासारखंच होतं ते, पण होतं.

रिपोर्ट मोबाइलवर आला. हृदय सर्वसाधारण. कर्करोगाचं जे तपासलं त्यात काही सापडलं नाही. हाडं थोडी जपा. मधुमेहाचा धोका सर्वसाधारणपेक्षा कमी. नवऱ्याने पेढे आणले आणि एक माझ्या तोंडासमोर धरला. मी म्हटलं, मला गोड आवडत नाही.

रिपोर्टसोबत फोनवर बोलायला एक सल्लागार मिळते. आवाजावरून लेकीच्याच वयाची वाटली. ती नीट समजावत होती, की हा अंदाज आहे, भविष्य नाही, चालणं आणि खाणं आपल्या हातात असतं. मी तिला मधेच थांबवून विचारलं, यातलं आईकडचं कोणतं? ती म्हणाली, तुमच्या एकटीच्या नमुन्यावरून ते वेगळं काढता येत नाही, आईचा किंवा वडिलांचा नमुना असता तर पाहता आलं असतं. दोघांपैकी कोणी आहे का? मी म्हटलं नाही. वडील जाऊनही आता बरीच वर्षं झाली. फोन ठेवला आणि मी गॅलरीत जाऊन रडले. या वयात आई हवी म्हणून रडायचं म्हणजे काहीतरीच, पण मला ती हवी होती. निदान चेहरा वर करून एकदा बघायला हवी होती.

तोवर लेकीने आजीला फोन करून आनंदाची बातमी दिली होती, की आईला शुगर होणार नाही. दुसऱ्या दिवशी आईचा फोन आला. रिपोर्टचं काही बोलली नाही, एवढंच म्हणाली, की ये बरं दोन दिवस. जठारपेठेत ती माझ्या धाकट्या भावाकडे असते. बसमध्ये बसल्यापासून मी वाक्यं जुळवत होते. तुझी शुगर माझ्यात नाही, हे आईला कसं सांगायचं? ज्या गोष्टीला ती इतकी वर्षं घाबरली ती टळली म्हणजे खरं तर पेढेच वाटायचे. पण त्यातून दुसरं जे निघत होतं ते मला तिच्यासमोर उच्चारायचं नव्हतं. बोरगाव मंजू आलं तरी एक वाक्य धड जमलं नव्हतं.

घरी पोचले तर भाऊ-भावजय कामाला गेलेले आणि आई एकटीच दिवाणावर मेथी निवडत बसलेली. मीही समोर बसून काड्या मोडू लागले. इकडचं तिकडचं झालं. मग मान वर न करता तिने विचारलं, "मंग माह्यावालं काईच नाई निंगालं त्याच्यात?"

मी म्हटलं, "आई, ते रक्ताच्या नात्यातलंच सांगते फक्त."

"हो, तेई खरंच हाये." तिने एक जुडी संपवली, दुसरी ओढली. "डॉक्टर बोलला तवा माह्या ध्यानातच नाई राह्यलं पाय. घरी येऊन रडली मी. म्हटलं, पोरीले द्याले माह्याजवळ हेच होतं का?"

म्हणजे ती तेव्हा रडली होती. मला हे आजवर माहीत नव्हतं. माझ्या तोंडून त्या क्षणी जे निघालं ते बसमध्ये जुळवलेल्या वाक्यांतलं नव्हतं. मी विचारलं, "आई, ती कशी होती व?"

कोण ते तिला सांगावं लागलं नाही. तिने हातातली मेथी खाली ठेवली. म्हणाली, "मी कुठी पायलं तिले? मलेई कोनी सांगतलं नाई. मंग मी तुह्यावरूनच काढलं. तुह्यात जे जे तुह्या बापाचं नोतं, ते तिचं असन म्हनून धरत गेली."

आणि ती सांगू लागली. मी झोपेत दोन्ही हात गुडघ्यांत घालते, वडील उताणे झोपायचे. मी भाकरी तोडण्याआधी तिचा वास घेते, वडिलांना समोर काय वाढलंय याचा पत्ता नसायचा. मी रागावले की समोरच्याचं वाक्य पुरं होऊ देत नाही. वडील तर कधी रागावतच नसत. "मंग हा राग कोनाचा? तिचाच," आई म्हणाली. "तुले लहानपनी राग आला का मले बरं वाटे. म्हनो, आली पाय घरात."

एवढ्या वर्षांत मला या रागावरून किती जणांनी ऐकवलं असेल. तो माझ्या आईचा आहे, आणि कोणीतरी तो ओळखून, जपून, रोज बघत होतं.

आईने पदराखालून टाक बाहेर काढला. झिजून त्यावरची बाई आता जवळजवळ दिसेनाशी झाली आहे. पदराने पुसून तो तिने तळहातावर घेतला आणि घरातल्या माणसाशी बोलावं तशी त्याच्याशी बोलली, "आयकलं का व, तुह्या पोरीले शुगर नाई. तुह्यावर गेली."

ती त्याच्याशी बोलते हेही मला माहीत नव्हतं. मी विचारलं तर म्हणाली, बोलते नं, पहिल्यापासून. पोरगी जेवली, पोरगी पास झाली, पोरीला मुलगी झाली. जिची आहे तिला कळवायला नको का?

आईवर गेली, हे शब्द मी जन्मात पहिल्यांदा ऐकले. त्यासाठी मी आयुष्यभर तळमळले होते, आणि ते कानावर पडले तेव्हा समोर बसलेल्या बाईच्या चेहऱ्याकडे मला बघवेना. ती हसत होती. तिने सगळं काही पहिलीच्या पदरात घातलं होतं, आणि स्वतःचं म्हणून जी एक शुगर तिला वाटत होती तीही आता गेली होती.

मेथी संपली. आई उठून ओट्याशी गेली, चहा ठेवला, आणि वरच्या फळीवरून साखरेचा डबा काढला. "आता तुले काय भेव हाये," म्हणाली आणि चमचा भरून माझ्या कपावर धरला.

मी तिचा हात धरला.

"नको," मी म्हटलं. "मले तुह्यासारखाच दे."

आईने चमचा पुन्हा डब्यात रिकामा केला. डब्याचं झाकण लावायला तिला जरा वेळ लागला.