मेथीच्या पिशव्या

हे मी कुणापुढे बोललेले नाही. एरवी मला बोलताना कोण थांबवतं? रेशनच्या साखरेवरून कचेरीसमोर तासभर ओरडू शकते मी. पण हे — हे घशातच राहिलं. तू ऐक.

आमची बायकांची संघटना महागाईविरुद्ध लढायची. पत्रकं मी लिहायची. विशेषणं मोजून नाही, ओतून. सुनंदावहिनी लोकलने दिवा गावाहून यायच्या. मोर्चात सगळ्यांच्या पुढे, आवाज असा की बंदोबस्ताचे पोलीसही हसायचे. त्यांच्या नवऱ्याचं काम सुटलेलं. एका सभेत त्या म्हणाल्या, ठाण्यात नौपाड्यातली आपल्या संघटनेची खोली दुपारी रिकामीच असते. तिथे बसून भाजी निवडू, चिरू, पिशव्या भरू. संध्याकाळी ऑफिसातून परतणाऱ्या बायका स्टेशनबाहेर घेतील. स्वतः एकदा मेथी निवडून विकून पाहिलेली त्यांनी. हातोहात गेलेली. "नाहीतर मला दुसऱ्यांची भांडी घासायला जावं लागेल," हेही सांगितलं, हसत हसत.

मी उसळले. "वहिनी, तुम्हाला चळवळ हवी की गल्ला?"

"दोन्ही हवं गं बये! उपाशी पोटी घोषणा किती वेळ देशील?"

सगळ्या हसल्या. माझ्यावर. ते लागलं का मला? — लागलंच. पुढच्या सभेआधी मी पत्रक काढलं: 'चळवळ की भाजीबाजार?' नाव घातलं नव्हतं, गरजच नव्हती. सभेत विरोधाचे हात वर झाले, पहिला माझा. वहिनी त्यानंतर आल्या नाहीत.

पण एवढंच असतं तर? चूक झाली म्हणून चारचौघींत कबूल करून टाकलं असतं कदाचित. एवढंच नाही —

त्याच वर्षी मी संध्याकाळी मॅनेजमेंटचा कोर्स करत होते. संघटनेत पत्ता लागू दिला नव्हता. भांडवलदारांची चाल आतून ओळखायची आहे, असं स्वतःला बजावायची. खोटं. मला बरी नोकरी हवी होती. तिथे एक विषय होता: संस्थेत राहूनच काही नवं उभं करू पाहणारी माणसं, आणि संस्था त्यांना कशी वागवते. सर त्या माणसांचं वर्णन करत होते आणि मला वहिनी दिसायला लागल्या. ओळखलं मी. नीट ओळखलं. मग काय केलं? दिव्याला गेले? — नाही. प्रकल्पात वहिनींचीच कल्पना लिहिली, चालू असल्यासारखी. खोली, पिशव्या, स्टेशनबाहेर थांबणाऱ्या बायका, सगळं. वर 'संघटनेने पाठिंबा दिला' असंही.

सर खूश. "वा! सगळा वर्ग घेऊन बघायलाच जाऊ या."

"बंद पडलं सर, आता."

"का?"

सर बघत होते, वर्ग ऐकत होता. 'मी पाडलं', एवढंच म्हणायचं होतं. किती सोपं होतं ना?

मी म्हणाले, "बायकाच त्या, सर. चिकाटी नसते."

वर्ग हसला. मीही हसले — जिने ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या भिंतींवर याच्या नेमकं उलट लिहून ठेवलं होतं, ती मी.

पुढे घरकाम करणाऱ्या बायकांना भरपगारी सुट्टी मिळावी म्हणून आम्ही मोहीम काढली. पत्रक अर्थात माझंच. नौपाड्यातल्या एका इमारतीत बेल वाजवली, तर दार वहिनींनी उघडलं. हात साबणाने भरलेले. पत्रक त्यांनी कोपराने दाबून घेतलं.

"तूच लिहिलंस ना? झणझणीत असेल मग."

आतून कुणीतरी हाक मारली. त्या गेल्या.

मी खालच्या मजल्यावर पत्रकं वाटायला उतरले.