खऱ्या लंगडण्याचा पंचनामा

दिवाळी सरली, धान घरात आलं की आमच्या झाडीपट्टीत नाटकांचा मोसम सुरू होतो. मी तसा मूल गावच्या बाजारातला शिंपी. दुकान अब्बांचं, मशीनही अब्बांचीच. पण मोसमात मी गावोगावच्या मंडपांत कोतवाल व्हायचो. लंगडा कोतवाल. डावा पाय ओढत, धोतर सावरत मंचावर आलो की तोंड उघडण्याआधीच लोक हसायला लागायचे. पुढे पुढे तर बाजारात मी नीट चालताना दिसलो की लोक हिरमुसायचे.

मग एका पहाटे प्रयोगावरून परतताना जंगलाच्या रस्त्यावर रानडुक्कर मोटारसायकलला आडवं आलं. डुक्कर उठून चालतं झालं. मी उठलो नाही. उजव्या मांडीचं हाड मोडलं, आत सळई बसवावी लागली, पाय आखूड झाला, गुडघा वाकेनासा झाला. मशीनपुढे बसणं संपलं आणि नाटकही संपलं, कारण कंपनीला लंगडा हवा होता तो नाचता येणारा. बायको शेजारणींचे ब्लाउज शिवून घर ओढू लागली. अपंगांची पेन्शन लागली नाही तर दुकान सोडावं लागणार होतं. म्हणून तहसिलीत अर्ज केला.

चौकशीला तलाठी घरी आले. मी दारापर्यंत चालत गेलो, तर ते पोट धरून हसले. चहा घेतला, माझ्यासोबत फोटो काढला आणि अहवालात लिहिलं की अर्जदार लंगडण्याच्या भूमिकेसाठी प्रसिद्ध आहेत, तरी प्रत्यक्ष खात्री करावी.

तहसिलीतल्या बाबूपुढे मी जिल्हा रुग्णालयाचं प्रमाणपत्र ठेवलं. त्यांनी ते बाजूला सारलं.

"डॉक्टर बाहेरचा माणूस हाय भाऊ. त्यानं तुमचं नाटक कुठी पाह्यलं?"

"नाटकाचा काय संबंध जी? हाड मोडलं आहे."

"ते खरं. पण तुमी लय भारी करता ना."

इतकी वर्षं ज्या कौतुकासाठी जीव टाकला, ते असं अंगाशी येईल असं वाटलं नव्हतं. मला संताप आला, आणि लाज वाटते सांगायला, थोडं बरंही वाटलं.

नायब तहसीलदार नवे होते, दुसऱ्या जिल्ह्यातून आलेले. अतिशय न्यायी माणूस. म्हणाले, "मी नाटक पाहिलेलं नाही, तेव्हा मी मत देणं बरोबर नाही. ज्यांनी पाहिलंय अशा लोकांसमोर पंचनामा करा." मग रांगेतलेच पंच उभे केले: दाखल्यासाठी आलेले एक म्हातारे शेतकरी आणि पेन्शनसाठी आलेली एक बाई. दोघांनीही नाटक पाहिलं होतं. त्या ऑफिसात नाटक न पाहिलेला माणूस साहेबांशिवाय कोणी नव्हता.

मी व्हरांड्यातून चालून दाखवलं. म्हाताऱ्यांनी मान हलवली.

"हे बरोबर नाई. कोतवाल डाव्या पायानं लंगडे. हा उजव्यानं करून राह्यला."

"बाबाजी, डावा पाय माझा चांगला आहे."

बाबूंनी लगेच लिहून घेतलं की अर्जदार डावा पाय चांगला असल्याचं कबूल करतात.

"पह्यले कसं खरंखुरं वाटे," बाई हळहळून म्हणाली. "पाह्यता पाह्यता रडू ये. आता तसं वाटत नाई."

मी समजावलं, पायजमा वर करून टाक्यांचा व्रण दाखवला. म्हाताऱ्यांनी व्रणावरून बोट फिरवलं आणि मेकअप चांगला आहे म्हणाले. शेवटी बाबू खुर्चीतून उठून माझ्या कानाशी आले. मनाने चांगले होते बिचारे.

"भाऊ, काऊन हट्ट करता? डावाच करून टाका. साऱ्यायले ओळखीचा हाय. काम होऊन जाईल."

मी दुकानाचा विचार केला आणि काठी भिंतीला टेकवली.

डावा पाय ओढायचा म्हणजे सगळा भार उजव्यावर घ्यायचा. मंचावर हे मी हसत हसत करायचो. आता पहिल्याच पावलाला मांडीतून अशी कळ गेली की डोळ्यांपुढे अंधार आला. तरी मी चाललो. धोतर नव्हतं, तरी हात सवयीने धोतर सावरायला गेला. रांगेतले लोक हसू लागले, आतली मंडळी फायली टाकून दारात आली. साहेबांच्या टेबलाशी पोचता पोचता पाय गेला आणि मी फरशीवर आपटलो.

दारातली मंडळी वाकून पाहू लागली. बाईने पदर डोळ्यांना लावला.

"आता पटलं," ती म्हणाली. म्हाताऱ्यांनी अंगठा उठवला. साहेबांनी सही केली.

प्रकरण मंजूर झालं. मला आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही, पण तोंडात मातीची चव आल्यासारखं वाटत होतं. काठी घेऊन मी माझ्या स्वतःच्या, उजव्या पायाने लंगडत अंगणात उतरलो. शिपाई माझ्या मागून फाटक उघडायला आला. मोठ्या आपुलकीने त्याने पाठीवर हात ठेवला.

"झालं ना भाऊ काम? आता बस्स करा. सरळ चाला."

काय सांगावं, त्याचं मन मोडवेना. फाटकापर्यंत मी सरळ चालायचा प्रयत्न केला.